घरच्यांचे आभार

रत्नागिरीत कार्यक्रम कुठलाही असो, आभारप्रदर्शन आत्मारामने करायचं हे ठरलेलं. प्रमुख पाहुण्यांपासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत तो कुणालाही सोडत नसे. लोक उठून चपला शोधू लागत, तरी त्याचं आभार मानणं चालूच. घरच्यांसाठी मात्र त्याचं एक ठेवणीतलं वाक्य होतं : "त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहीन." टाळी हमखास पडे.

कॉलेजातल्या कारकुनीतून तो स्वतः निवृत्त झाला, त्या समारंभातही त्याने तेच वाक्य टाकलं आणि टाळी घेतली.

"नंदावहिनी निघून गेल्या," घरी आल्यावर बायको, रेणुका, म्हणाली. "समोसाही घेतला नाही."

"राजापूरची एसटी चुकली असती तिची."

"तुम्ही 'आता माझ्या घरच्यांबद्दल' म्हणालात ना, तेव्हा पदर सारखा करून अर्ध्या उठल्या होत्या. नमस्कार करायला. मग बसल्या."

आत्माराम बी.ए.ला नापास झाला तेव्हा थोरला भाऊ, दादा, त्याला बोटीवर खलाशी म्हणून धाडायला निघाला होता. वहिनीने दादाशी महिनाभर अबोला धरला आणि धाकट्या दिराला पुन्हा परीक्षेला बसवलं. नोकरी, कॉलेजची खुर्ची, हातातला माईक, सगळं त्या अबोल्यातून आलेलं.

रविवारी तो राजापूरला गेला. वहिनी पडवीत काजूबिया निवडत होती. त्याने उभ्यानेच सुरुवात केली, "वहिनी, आज मी जो काही आहे..."

"आत्म्या, बस खाली. माईक नाहीये इथे."

तो बसला. 'मनःपूर्वक', 'अमोल सहकार्य', जे जे सुचलं ते आधीच मंडपवाल्यांना देऊन झालेलं.

"तुझ्यामुळे नोकरी लागली गं," तो शेवटी म्हणाला.

"मला काय सांगतोस? मी होते ना तिथे." बिया निवडणारा तिचा हात थांबला नाही. "त्या लोकांना कळायला हवं होतं. नवी साडी नेसून आले होते, मेल्या."

"पुढच्या एखाद्या कार्यक्रमात..."

"तू काय दरवर्षी निवृत्त होणार आहेस?"



दुपारी तिने जेवायला वाढलं. एरवी ती न विचारताच दुसरा बांगडा ताटात टाकायची. आज पळी हातात धरून तिने विचारलं, "घालू का?"

तो संकोचून नको म्हणाला. तिने आग्रह केला नाही.