उतारावरचा जोड

पस्तीस वर्षं मी लोकांना डोंगरात चालायचे बूट विकले. स्वतः मात्र घर ते दुकान एवढंच चाललो, तेही चपलेत. ‘चार दिवस चाला, पायात काही आहे असं वाटणारच नाही,’ हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं, की एकसष्टाव्या वर्षी मलाच ते खरं वाटू लागलं.

दोन वर्षांपूर्वी लेक दुकान सोडून डोंगरातला मुक्कामाचा निवारा सांभाळायला गेली. तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं मी बोलून बसलो. ठेवता येणारच नाही, चार दिवसांची खडकाळ वाट आहे, असं ती शांतपणे म्हणाली. ते मला फार लागलं. आता थंडीमुळे आठवड्याभरात निवारा बंद होणार होता आणि ती तिथूनच कुठे लांब नोकरीला जाणार होती. म्हणून निघालो. सोबत मेहुणा. तो न्हावी, म्हणजे वाटेत बोलण्याची ददात नव्हती.

पहिल्या दिवशी माझे गुडघे कुरकुरले. दुसऱ्या दिवशी मी दगडांना नावं ठेवू लागलो. तिसऱ्या दिवशी मेहुणा गप्प झाला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

गिऱ्हाइकाला मी माप घ्यायला संध्याकाळी बोलावतो, कारण दिवसभरात पाय फुगतो. उतारासाठी बोटांपुढे जागाही सोडतो. स्वतःचा जोड मात्र सकाळी, दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकून घेतला. आपला पाय काय आपल्याला परका? चौथ्या दिवशी, शेवटच्या उतारावर, दहाही बोटं आतून डोकं आपटू लागली. खाली निवाऱ्याचं छप्पर दिसत होतं. मी एका खडकावर बसलो तो मला उठवेचना. तीन दिवस मनातल्या मनात लेकीशी भांडण जिंकत आलो होतो. आता एकही मुद्दा आठवेना.

तिला बोलावून आणतो, असं मेहुणा म्हणाला. मी नको म्हणालो. तासभर नकोच म्हणत राहिलो. मग होकाराची मान हलवली.

ती वर आली. कसे आहात नाही, का आलात नाही. खाली बसून तिने बुटाच्या टोकावर अंगठा दाबला.

“मापात चुकलात, बाबा.”

“हो.”

“दुकानातला सगळ्यात भारी जोड ना हा?”

“हो.”

तिने चाकू काढला. “पुढचं कापते.”

माझ्या दुकानात कोणी बुटाला नुसती कात्री दाखवली असती, तर मी त्याला पायरी उतरवली असती.

“काप,” मी म्हणालो.

बोटं बाहेर आली, निळी-जांभळी, पण हलत होती. मग ती पुढे उतरत कुठे पाय ठेवायचा ते सांगू लागली आणि मी मुकाट्याने तिथेच ठेवू लागलो. मागे मेहुण्याची वाचा परत आली. अर्ध्या वाटेत लेकीने विचारलं, किती दिवस राहणार? आवराआवरीला माणूस लागत असेल तर बंद होईपर्यंत, मी म्हणालो.

“भांडी घासावी लागतील,” ती मागे न बघता म्हणाली.

बसून घासली तर चालतील का, असं मी विचारलं. ती थांबली, वळली आणि मला आधाराला हात दिला.