शून्यावर न येणारा काटा

मित्रांनो, माझ्या झोळीत काहीही नसलं तरी माझा काटा शून्यावर थांबत नाही. तो पुढच्या बारीक रेघेवर थांबतो. मी लहान लेकरांना तोलणारा एक जुना टांगता वजनकाटा आहे. कान्हे गावात सिस्टर इंदिरा टाकून दिलेल्या लेकरांसाठी घर चालवतात, तिथल्या खिळ्याला मी लटकतो. आता टेबलावर आकडे उजळणारा नवा काटा आला आहे. माझ्यावर धूळ बसते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी अचूक होतो. सिस्टरांबरोबर मी डोंगरातल्या वाड्यांवर हिंडलो. लेकरं झोळीत आधी भोकाड पसरत, मग झोके घेत. वजन वाढलेलं दिसलं की आया माझ्या तबकडीला हात लावून तो कपाळाला लावत.

या घराची एक रीत होती. पोर परत न्यायला आलेल्या आईबापाने प्रार्थनेच्या खोलीत क्रुसासमोर चूक कबूल करायची. मग मी पोराला तोलायचो आणि सिस्टर त्याला हवाली करायच्या.

दोन वर्षांची येसू इथे आली ती तिच्या बापामुळे. भिमाजीने तिच्या आईला, बबिताला, सळईने मारलं, येसूला स्टेशनच्या बाकावर टाकलं आणि तो नवलाख उंबरे गावी कामावर निघून गेला. पुढे तो तिला न्यायला आला आणि क्रुसासमोर हमसून रडला. सिस्टरांनी पोर दिली. ती पुन्हा आली तेव्हा तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, आणि माझा काटा आधीपेक्षा मागेच थांबला. भिमाजी पुन्हा रडला. सिस्टरांनी पुन्हा दिली.

"रडाया लय भारी येतंय ह्याला," स्वयंपाक करणारी सावित्राबाई म्हणाली. "सिस्टर, काट्याकडं बगा की एकदा."

"क्षमा मोजून करायची नसते, सावित्राबाई."

"क्षमा नका मोजू. पोर तर मोजताय न्हवं?"



त्यानंतर एका सकाळी बबिताच येसूला घेऊन धावत आली. तिचा ओठ फाटला होता, एक हात लोंबत होता. सिस्टरांनी येसूला माझ्या झोळीत ठेवलं, तोच भिमाजी आत घुसला.

"माजी पोर हाय. टाकीन न्हाईतर नेईन, तुमाला काय करायचंय?"

त्याने झोळी धरून ओढली. बबिताने धड हाताने दुसरी बाजू धरली. त्याने कोपर मारून तिचं नाक फोडलं. रक्त झोळीवर, येसूच्या केसांवर उडालं. बबिताने पकड सोडली नाही. माझा काटा गरकन फिरून टोकाला अडकला आणि माझ्या आत काहीतरी कायमचं सैल पडलं.

मित्रांनो, स्प्रिंग मर्यादेपलीकडे ताणली गेली की पहिल्यासारखी होत नाही. मग तेल घालून उपयोग नसतो. म्हणून ताणणारा हात वेळीच धरा, एवढंच माझं मागणं आहे.

सावित्राबाईने उलथनं त्याच्या मनगटावर हाणलं, तेव्हा त्याचा हात सुटला. सिस्टरांनी येसूला उचलून घट्ट धरलं. भिमाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ जाऊन क्रुसासमोर गुडघे टेकले.

"चुकलो, सिस्टरबाई. देवाशपथ. माफ करा."

"झालं सुरू," सावित्राबाई पुटपुटली.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. झोळी रिकामी होती, तरी काटा शून्यावर आला नव्हता.

"माफ केलं तुला, भिमाजी," त्या म्हणाल्या. "पोर मिळणार नाही."