पाणी तुटू नये

घड्याळबाई कापड बेतायच्या लांब टेबलावर उताणी निजली, हात अंगाशी सरळ केले आणि डोळे मिटून म्हणाली,

"हं, मी मेले. आता करा सुरुवात."

कोणीच सुरुवात केली नाही. दुकानाची मालकीण टेलरबाई तिच्या पाठीखालून खडू आणि टेप काढून घेत होती. पायाशी उभी राहिलेली घड्याळबाईची भाची प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटत होती. आणि आपा अजून दारातच होती, काखेत पिशवी, पायात चपला.

"आपा आली का?" मेलेल्या घड्याळबाईने विचारलं.

"आलेय. नुसती बघायला आलेय," आपा म्हणाली.

घड्याळबाई, टेलरबाई आणि आपा, तिघी एकाच इमारतीतल्या. घड्याळबाईचा नवरा हयातभर घड्याळं दुरुस्त करत बसला म्हणून तिला ते नाव पडलं. तो गेला तरी नाव चालूच राहिलं, कारण जिन्यावरून कोण किती वाजता चढलं आणि किती उशिरा चढलं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसायचं. ऐंशी कधीच ओलांडली होती. ती यहुदी. तिच्या लोकांचं प्रार्थनाघर पलीकडच्या गल्लीत होतं. एके काळी तिथे उभं राहायला जागा नसायची, आता प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायची तर वडीलधाऱ्यांना आदल्या दिवसापासून फोन फिरवावे लागत.

त्यांच्यात गेलेल्या बाईला बायकाच आंघोळ घालतात, पांढरे कपडे चढवतात आणि मातीसाठी तयार करतात. हे काम घड्याळबाईने उभा जन्म केलं होतं. बरोबरीच्या बायकांपैकी एक मुलाकडे परदेशी गेली, एकीला घड्याळबाईनेच पोचवलं, आणि तिसरी आता स्वतःच्या लेकीलाही ओळखत नव्हती. उरली ही भाची. वाचायला चोख, पण बोट कापलं तरी डोळे फिरवणारी. घड्याळबाईला मरणाची धास्ती नव्हती. सगळ्यांना आपण नीट पाठवलं आणि आपल्याला मात्र कोणीतरी परकं माणूस घाईघाईत खंगाळून टाकेल, ही धास्ती मात्र तिला झोपू देत नव्हती.

तिने वडीलधाऱ्यांना गाठलं. दुसऱ्या शहरातून आपल्यातल्या बायका बोलावू, असं ते म्हणाले. "त्या येईपर्यंत मी थांबू का?" असं तिने विचारल्यावर त्यांनी पुस्तकं काढली, डोकं खाजवलं आणि अखेर सांगितलं की प्रार्थना आपल्या माणसाने म्हणावी, हात मिळतच नसतील तर देवाला भिऊन वागणाऱ्या कोणाचेही चालतील. तसे हात घड्याळबाईने आधीच हेरून ठेवले होते.

आपा प्रसूतीच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झाली होती, आणि आपल्या मशिदीच्या वस्तीतल्या बायकांना शेवटची आंघोळही तीच घालायची. माणसं आणण्याचं आणि पाठवण्याचं, दोन्ही खाती आपल्याकडे आहेत, असं ती म्हणे. मौलवींना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, रीत त्यांची आहे, तुमचा शेजारधर्म आहे, जा. म्हणजे कोणाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती आपाचीच. परक्या बायकांना धुताना तिचा हात कधी डगमगला नाही, पण सख्खी बहीण गेली तेव्हा ती खोलीत पाऊल टाकू शकली नव्हती. दाराबाहेर बसून राहिली आणि आत दोन शिकाऊ बायकांनी काम उरकलं. ते तिला अजून खात होतं. म्हणून घड्याळबाईने विचारलं तेव्हा तिने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

"चपला काढ आणि इकडे ये," घड्याळबाई टेबलावरून म्हणाली. "मढ्यासमोर चपला घालतात का?"

आपाने चपला काढल्या. पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली, तशी घड्याळबाईने नाक वर केलं.

"कापूर आणलास?"

आपा ओशाळली. तिच्यात शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. पिशवी भरताना हात आपोआप डबीकडे गेला होता. घड्याळबाईने डोळे न उघडताच सांगितलं की आमच्यात कापूर नाही, वास घेत पडायला मला सर्दीची पेशंट समजू नकोस. मग तिने एकेक गोष्ट सांगायला घेतली. अंग सगळं एकदम उघडं टाकायचं नाही, जेवढं धुवायचं तेवढंच. पालथं घालायचं नाही. मढ्यावरून एकमेकींना वस्तू द्यायची नाही, वळसा घालून जायचं. आपा ऐकत होती आणि दर वाक्याला मान हलवत होती, कारण यातलं निम्म्याहून अधिक ती आपल्या सासूकडून तस्संच शिकली होती.

"आधी कुठली बाजू?" घड्याळबाईने परीक्षा घेतली.

"उजवी."

"बरोबर. एवढं तरी तुमच्यात नीट राहिलंय."

"आता म्हण, 'आमच्याकडूनच घेतलंय.'"

"न म्हणता कळतंय ना, मग कशाला म्हणू?"

हे त्या दोघींचं जुनंच होतं. नव्या माणसाला ओळख करून देताना घड्याळबाई आपाला 'माझी सावत्र बहीण' म्हणायची. बाप एकच, तुम्ही इब्राहीम म्हणा, आम्ही अब्राहाम म्हणतो, आया तेवढ्या वेगळ्या. त्या बापाने देवाच्या शब्दाखातर बळी द्यायला डोंगरावर नेला तो मुलगा कोणता, यावर दोघींचा चहा कित्येकदा गार झाला होता. घड्याळबाई म्हणायची धाकटा, आपा म्हणायची थोरला, आणि दोघी आपापल्या आजीची साक्ष काढायच्या. टेलरबाई ख्रिस्ती. तिच्या चर्चमध्येही धाकटाच सांगत, पण ती घड्याळबाईच्या बाजूने कधी बोलली नाही. पोराला न्यायच्या आधी त्याच्या आईला कोणी विचारलं होतं का, एवढंच ती म्हणे. मग मी तुमची कोण, असं तिने एकदा विचारलं होतं. घड्याळबाई म्हणाली, तू माझ्याच पणजीची पणती, पण वेगळं घर थाटलंस आणि जाताना आमची सगळी भांडीकुंडी घेऊन गेलीस. वर घासूनपुसून अशी ठेवलीस की लोकांना तुझीच वाटतात.

ती टेलरबाई आता कपाटातून पांढरे कपडे काढत होती. घड्याळबाईचे कपडे तिने स्वतः शिवले होते. साधं सुती कापड, दोऱ्याला गाठ नाही, बंदांना गाठ नाही, नुसता पीळ देऊन खोचायचे. खिसा तर नाहीच. आपाच्या लोकांना शिलाईही लागत नाही, नुसते कापडाचे तुकडे नेमक्या मापाने फाडून द्यायचे.

"तुमच्या दोघींकडून मला मजुरी सुटत नाही," टेलरबाई म्हणाली. "आमच्यात बघा. माझ्या नवऱ्याला सूट घालून पाठवला, खिशात रुमालसुद्धा ठेवला. आमच्यात मेल्यावरही इस्त्री चुकत नाही."

घड्याळबाई टेबलावर पडल्या पडल्या हसली, आणि भाचीही पहिल्यांदाच हसली.

कोरडी तालीम झाली. आता पाण्याची. हा सगळ्यात अवघड भाग, घड्याळबाईने बजावलं. अंग धुऊन झालं की डोक्यापासून पायापर्यंत पाण्याची धार सोडायची, आणि ती तुटू द्यायची नाही. एकीची बादली संपायच्या आत दुसरीने ओतायला सुरुवात करायची, दुसरीची संपायच्या आत तिसरीने, म्हणजे भाचीने. मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. भाचीने शिवणाचा पुतळा आडवा ठेवून सराव करू असं सुचवलं. पुतळ्याला डोकंही नाही आणि पायही नाहीत, मग धार कुठून कुठे सोडणार, असं म्हणून मावशीने ते उडवून लावलं.

दुकानामागे फरशीचं अंगण होतं, कडेला नळ. दुपारचं ऊन भरपूर होतं. टेलरबाईने दोन स्टुलांवर रुंद फळी टाकली आणि पाणी कोमट करून आणलं. या वयात भिजलात तर तालमीतच खरोखर जाल, असं ती पुटपुटत होती. घड्याळबाई जुना सुती गाऊन घालून फळीवर निजली. चेहरा झाकायचा असतो म्हणून भाचीने त्यावर पांढरं फडकं पसरलं.

फडकं पडलं आणि अंगण एकदम शांत झालं. इतका वेळ बोलत होती ती घड्याळबाईच.

टेलरबाईने बादली कलती केली. पाणी केसांवर पडलं, खांद्यावरून छातीवर आलं, गाऊन अंगाला चिकटला. आपा दुसरी बादली उचलून तयार उभी होती. तिने खाली पाहिलं. ओल्या कापडाखाली खुब्याची हाडं दिसत होती, मनगटं लहान मुलीएवढी. जिन्यात जिच्या आवाजाने दूधवालासुद्धा दबकून पाय टाकायचा, जिच्याशी आपण उभा जन्म भांडलो, ती एवढीशी आहे हे आपाने आजवर पाहिलंच नव्हतं. आणि फडकं हलत नव्हतं. घड्याळबाई श्वास धरून पडली असावी. तिला सगळं हुबेहूब लागायचं.

टेलरबाईची बादली संपत आली. "आपा," ती हळूच म्हणाली. आपाला ऐकू आलं, पण हात उठेना. बादलीतलं पाणी थरथरून काठावरून तिच्याच पायावर सांडत होतं. फळीवरून शेवटचे थेंब ठिबकले आणि तेही थांबले.

"तुटलं," फडक्याखालून आवाज आला.

आपाने बादली खाली ठेवली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं. तू दुसरं कोणी बघ," ती म्हणाली, आणि आत जाऊन चपला पायाने चाचपू लागली.

दुसरं कोणीच नव्हतं, हे चौघींनाही माहीत होतं. भाचीने मावशीला आधार देऊन बसवलं. टेलरबाई टॉवेल घेऊन धावली, तो घड्याळबाईने नुसता मांडीवर ठेवला. केसांतून पाणी निथळत होतं. ती रागावेल असं भाचीला वाटलं, पण ती रागावली नाही.

"बहिणीच्या वेळी तू बाहेर बसलीस," ती दाराकडे बघत म्हणाली. "तेव्हा मी तुला काही बोलले नाही. आताही बोलणार नाही. पण एक राहिलंय, तेवढं करून जा."

राहिलं होतं ते शेवटचं. आंघोळ झाली, कपडे चढवले, की धुणाऱ्या बायका मढ्याजवळ उभ्या राहतात आणि त्याचं नाव घेऊन क्षमा मागतात. नीटच करायचं ठरवलं होतं, तरी हातून काही राहिलं असेल म्हणून. आपाच्यात हे नव्हतं. तिच्यात आत जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, एवढाच दंडक होता. ती एका पायात चपला घालून दारात घुटमळली, मग ती काढून परत अंगणात आली.

घड्याळबाई पुन्हा आडवी झाली नाही. तशीच ओलीचिंब बसून राहिली. आपा तिच्या पायांशी उभी राहिली आणि तिने नाव घेतलं. घड्याळबाईचं खरं नाव, नवरा गेल्यापासून कोणी न उच्चारलेलं. टेलरबाईला तर ते आजच कळलं.

"माझ्या हातून काही चुकलं असेल," आपा म्हणाली आणि थांबली. मग तिने पुन्हा सुरुवात केली. "माझ्या हातून काही चुकलं असेल, तुझ्या मानाला कमी झालं असेल, तर मला माफ कर."

"केलं," घड्याळबाई म्हणाली.

भाचीने पुस्तकातून मान वर केली. "मावशी, तू उत्तर द्यायचं नसतं. इथे नुसतं थांबायचं असतं."

"मेल्यावर देता येत नाही म्हणून तर आत्ता देऊन ठेवतेय." तिने हात पुढे केला आणि आपाचं मनगट धरलं. "ऐक. तुझा हात थरथरणार. थरथरू दे. पाणी तुटेल. तुटलं तर बादली परत भरायची आणि पहिल्यापासून ओतायचं. पुन्हा तुटलं तर पुन्हा. मला कुठे घाई असणार आहे? मी तिथेच असेन. पण तू बाहेर बसू नकोस."

आपाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचा एक हात मोकळा होता, तरी तिने पुसलं नाही. टेलरबाईने उगाचच नळाखाली बादली सरकवली. भाचीने पुस्तक मिटलं आणि मग आठवण होऊन तेच पान पुन्हा शोधलं.

बादल्या भरल्या तसं आपाने मनगट सोडवून घेतलं.

"पड आडवी," ती म्हणाली.

घड्याळबाई फळीवर निजली. खाली पडलेलं फडकं भाची उचलणार, तेवढ्यात आपाने ते घेतलं. नळाखाली खळबळून पिळलं, झटकलं, सुरकुत्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने तिच्या चेहऱ्यावर पसरलं. मग ओढणी कमरेला खोचून तिने बादली उचलली. हात कापत होता. या खेपेला तिघींनी अगोदर ओतायला सुरुवात केली की उशिरा, पाणी तुटलं की नाही, हे फळीवरच्या बाईला सगळ्यांआधी कळलं असणार. पण फडक्याखालून एक शब्दही आला नाही.