दादाच्या नावची चार पत्रं

ड्रॉवरमधून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येतोय. मी हातात मावणारा गेम कन्सोल. निळा, दोन स्क्रीनवाला, पाठीवर डायनासोरचा अर्धा सोललेला स्टिकर. वय वर्षं तेरा. तुमच्यात टीनएजर, आमच्यात आजोबा. पण वागणं टीनएजरचंच, आधीच सांगून ठेवतो.

फॅक्टरीतलं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट लंडनच्या हॅरोमधलं हे घर. हरीशबाबांनी मला कुशच्या अकराव्या बर्थडेला आणलं. शिल्पाआई लगेच म्हणाली, "अभ्यास झाल्याशिवाय हात लावायचा नाही." कुशनं मला मॅथ्सच्या पुस्तकात उभं केलं आणि अभ्यासाला बसला. तिथंच आमची दोस्ती जमली.

मी पण काही साधा नव्हतो. गेममधला शेवटचा व्हिलन, म्हणजे बॉस, मरायला टेकला की नेमका हँग व्हायचो. मेल्याचं सोंग तर माझं फेव्हरिट. स्क्रीन काळी करून गप पडून राहायचं, कुश रडकुंडीला आला की टिंग! परत जिवंत.

मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये फुल मज्जा. माझ्या जातीचा दुसरा कोणी जवळून गेला, बॅगेत का असेना, की आम्ही आपोआप एकमेकांना हॅलो करायचो. त्याच्या मालकानं लिहिलेली एक ओळ मला, माझ्या मालकाची त्याला. मग माझा छोटासा हिरवा दिवा लागायचा. वेंब्ली पार्क येईपर्यंत पाच-सहा हॅलो व्हायचे. हल्ली एक नाही. सगळ्यांच्या हातात फोन. आणि फोन एकमेकांना हॅलो करत नाहीत, बघा कधी लक्ष देऊन.

कुशची धाकटी बहीण तनिषा. घरात तनू. ती सात वर्षांची झाल्यावर दोघांनी माझ्या एका गेममध्ये गाव वसवलं. नदी, पूल, त्याचं घर, तिचं घर, दोघांच्या दारात पत्रपेट्या. तनू संत्र्याची झाडं लावायची, दादा संत्री तोडून विकून टाकायचा. मग खऱ्या सोफ्यावर खरी मारामारी.

मग कुश एडिनबराला युनिव्हर्सिटीत गेला. मला तनूकडे सोडून. पुढे नोकरीही तिथंच धरली.

तनू एकटीच गावात येत राहिली. दादाच्या पेटीत तिनं चार पत्रं टाकली. त्याची पेटी त्यानं खेळल्याशिवाय उघडत नाही. पण पत्रं माझ्या पोटात, त्यामुळे मला पाठ आहेत. पहिलं होतं, "दादा, तुझ्या घरात झुरळं झालीत. ये." चौथं होतं, "मी पण आता येणार नाही. तू आलास तर सांग."

त्यानंतर मी ड्रॉवरमध्ये. सोबतीला पासपोर्ट, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या चाव्या आणि राखीची रिकामी पाकिटं. पाच वर्षं. पासपोर्ट तरी मधूनमधून इंडियाला जाऊन यायचे.

परवा-परवा ड्रॉवर खाडकन उघडला. सोळा वर्षांची तनू एका हातानं मला शोधत होती, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये कुश.

"चॅरिटी शॉपमध्ये जुना कन्सोल मिळाला, सेम टू सेम आपल्यासारखा," तो सांगत होता. "आपलं गाव आहे का गं अजून?"

"असेल. दिवाळीला ये आणि बघ."

"नाही जमत गं. ऑफिसमध्ये मरणाचं काम आहे."

"दर वर्षीसारखं. मग गावच पाठवते तुला."

"कसं? ते लॉक असतं ना याच्यातच?"

"कस्टम फर्मवेअर टाकते. म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आपलं सॉफ्टवेअर. मग सगळं बाहेर काढता येतं."

"ए येडे, चुकलीस तर ब्रिक होईल तो! गेला कामातून!"

"मी चुकत नाही. चुकतोस तू."

पत्रांचं ती एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र घाम फुटला. ब्रिक म्हणजे वीट. विटेच्या पोटात ना गाव राहतं, ना पत्रं.

पण काय सांगू, होमवर्कचं पहिलं पान पण न वाचणारी तनू, तिनं अख्खी गाइड वाचली. व्हिडिओ नाही, लिहिलेली. दोनदा. माझं मॉडेल तपासलं, व्हर्जन तपासलं. कोरं मेमरी कार्ड आणून ते नीट चालतं का ते बघितलं. मला फुल चार्ज केलं. मग इन्स्टॉल करायच्या आधीच माझ्या पोटातलं सगळं कार्डावर घेतलं आणि कार्ड काढून लॅपटॉपमध्ये लावलं. हा बॅकअप लॉकसकटच, माझ्याशिवाय दुसऱ्या कशात उघडत नाही. "आधी बॅकअप, मग शहाणपणा," स्वतःलाच सांगत होती.

मी टेबलावर, कार्डाची खाच उघडी. आणि नेमका दसरा.

शिल्पाआई ताम्हण घेऊन आली. दसऱ्याला ती घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करते. मिक्सर, शिलाई मशीन, बाबांच्या गाडीची किल्ली, लॅपटॉप. मी समोरच दिसलो.

"हे पण हत्यारच ना तुझं?" म्हणत तिनं मला हळदकुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या. पाच वर्षांत मला कुणी एवढं विचारलं नव्हतं. एक दाणा खाचेत घुसला. मला गुदगुल्या झाल्या.

तनूनं कार्ड परत आत ढकललं. ते तिरकं बसलं. इन्स्टॉल सुरू झालं. अर्ध्यात कार्ड सुटलं, आणि सगळं काळं.

"ए, नाटकं करू नकोस," तनू म्हणाली. माझी सोंगं तिला माहीत होती ना. एक मिनिट थांबली. दोन. "प्लीज. आता नको ना."

मी सोंग करत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा करत नव्हतो आणि सांगता येत नव्हतं.

"काय गं, रडतेस काय?" आई आली.

"यात दादाला लिहिलेली लेटर्स होती."

"मग त्याला फोनवर नाही का पाठवायची?"

"तेव्हा फोन होता का मला? बॅकअप आहे, पण हा उठलाच नाही तर तो घालू कशात?"

आईनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मला उजेडात धरलं. "थांब. हे पांढरं काय अडकलंय?"

भुवयांच्या चिमट्यानं दाणा निघाला.

"आई! तुझी अक्षता!"

"बरं, बरं. आशीर्वाद जरा जास्त खोल गेला."

कार्ड आता टक्कन बसलं. स्क्रीन उजळली. तनूनं बॅकअप परत चढवला, मग सगळं पहिल्यापासून, या वेळी श्वास रोखून. गाव आलं. गुडघाभर गवत, पण पूल तिथंच, पेट्या तिथंच.

गाव एडिनबराला गेलं. कुशलाही तिनं फोनवरून एकेक स्टेप करायला लावली. "आधी बॅकअप, दादा! आणि खाच बघ." मग त्याचा काहीच मेसेज नाही. तनू फोन उघडायची, बघायची, बंद करायची. विचारलं नाही तिनं.

दिवाळीची सफाई निघाली आणि आईनं मला परत इथं ठेवलं. बंद नाही केलं, नुसतं झाकण मिटलं. त्यामुळे मी जागाच आहे. बॅटरी संपत आलीय, लाल दिवा लागलाय.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी असेल. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जरला लावा त्याला. खेळू नका हवं तर.

थांबा.

हिरवा दिवा लागला! दाराबाहेर माझ्या जातीचा कोणीतरी आहे. कुणाच्या तरी बॅगेत. हॅलोबरोबर ओळ आलीय, "चारही वाचली. सांगायला आलोय."

आता बेल वाजली. तनूची किंकाळी. सगळे दाराकडे पळाले. हसतायत, बॅग आपटली, आई म्हणतेय, आधी हातपाय धू.

मी इथं अंधारात लुकलुकतोय. तनू, ड्रॉवर उघड ना गं. शप्पथ, या वेळी सोंग नाहीये.