दोघांची संमती

बाबांनी सव्वीस वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्ती सुचवावी. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या क्लाउडमध्ये कुठलं काम कुठल्या मशीनने करायचं, ते हाच प्रोग्रॅम ठरवतो. कंपन्या गब्बर झाल्या आणि बाबांच्या खुर्चीचा हात अजून सुतळीने बांधलेला. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. दुरुस्त्या जगभरातून येत, पण त्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची चावी, म्हणजे तसा अधिकार, दोघांकडेच होती, बाबा आणि त्यांची मुलगी. कुणाची चावी काढायची तर दोघांची संमती हवी, हा नियमही बाबांचाच.

गेले तीन महिने मुलगी त्यांच्या चुका गुपचूप निस्तरत होती. काल स्वतःच काढलेली ओळ बाबा आज पुन्हा घालत. "वय झालंय, चालायचंच," असं ती आईला सांगे आणि स्वतःचीही तशीच समजूत घाले. मग परवा एक चूक तिच्या नजरेतून निसटली आणि कुठल्याशा रक्तपेढीचं काम चार तास ठप्प झालं.

रविवारी दुपारी तिने बाबांनी केलेल्या त्या दुरुस्त्या कागदावर छापल्या, वरचं नाव कापलं आणि कागद बाबांपुढे ठेवले. तोंडाने सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

बाबांनी लाल पेन उचललं. कामाला बसले की तासभर तरी त्यांची नजर अजून तल्लख असे.

"कोण हा गडी? एकच गोष्ट तीनतीनदा करतोय. चावी आहे याच्याकडे?"

"आहे."

"काढून घे. पण चारचौघांत नको, नीट समजावून सांग बिचाऱ्याला. किती वर्षं करतोय काम?"

"सव्वीस."

पेन थांबलं. बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"आत्ताच काढ," ते म्हणाले. "मला कळतंय तोवर. माझी संमती आहे."

तिने त्यांच्यासमोरच कॉम्प्युटरवर त्यांची चावी काढली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती हमसून हमसून रडली.

सोमवारी सकाळी बाबांची हाक आली. ते कॉम्प्युटरपुढे बसले होते, कावरेबावरे.

"मला कोणीतरी बाहेर काढलंय गं."

तिने शेजारी बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. लाल खुणांचे कागद दाखवले.

"हे माझं अक्षर नाही," बाबा म्हणाले. "आणि मी असं म्हणणं शक्यच नाही. तुला हवी होती का चावी? मागायचीस ना. दिली असती मी."

पुढे बाबा पुष्कळ काही विसरले. आईचं जाणं विसरले, स्वतःचा प्रोग्रॅमही विसरले. पोरीने आपल्याला न विचारता आपली चावी घेतली, एवढं मात्र ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.