सीमेवरच्या गावाचा अर्ज

माझ्याइतका निकामी सम्राट शोधून सापडायचा नाही. सहा वेळा मी राज्य बुडवलं, आणि तेही घरच्या खुर्चीत, पायात सपाता घालून. एकदा रानटी टोळ्यांनी लुटलं, एकदा उपासमार झाली, उरलेल्या चार वेळा शेजारच्या राजांनी येऊन मला इतक्या सहज उचलून फेकलं की माझीच मला लाज वाटली.

खेळ कॉम्प्युटरवरचा. सुरुवातीला एक टोळी मिळते, दगडी हत्यारं मिळतात, आणि तिथून हजारो वर्षं राज्य करत आकाशात यान सोडेपर्यंत पोचायचं असतं. शहाणी माणसं नकाशाभर शहरं वसवत जातात. ज्यांना स्वस्थ बसवत नाही ती ‘एक शहर’ नावाचं आव्हान घेतात. अख्ख्या खेळात एकच शहर. दुसरं वसवायचं नाही, जिंकायचं नाही, कुणी आयतं हातावर ठेवलं तरी घ्यायचं नाही. खेळ मला लेकीने शिकवला. आव्हानाची अवदसा मात्र माझी मलाच आठवली.

आठवली याला कारण आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. घटस्फोटानंतर गेली चार वर्षं एका खोलीत राहतो. एक कॉट, एक टेबल, दोन पातेली, आणि या सगळ्याचा नको तितका अभिमान. कामावर कुणी विचारलं, एकट्याने कसं निभावतोस, की मी छाती फुगवून सांगायचो, माणसाला लागतं किती? हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं होतं की आता लोकांनी विचारणंच सोडलं होतं.

लेक सोळा वर्षांची, आईकडे राहायची. माझ्याकडे दर रविवारी, दहा ते पाच. तिची आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिला बढती मिळाली, पण दुसऱ्या शहरात, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला हजर व्हायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिने फोन करून सांगितलं, की पोरीने तिच्याबरोबर जायचं की माझ्याकडे राहायचं, हे पोरीचं पोरीने ठरवायचं. आणि मला बजावलं, “तू एक शब्द विचारायचा नाहीस. तुझा चेहरा पडला की तिला नाही म्हणता येत नाही. तिच्या तोंडून येऊ दे.”

मी बरं म्हटलं. ती माझ्याकडे राहावी असं मला इतकं वाटत होतं की रात्रीचं जेवण उतरत नव्हतं. पण शब्द दिला होता, म्हणून दोन रविवार मूग गिळून गप्प बसलो. हा तिसरा आणि शेवटचा. सोमवारी तिला शाळेत कळवायचं होतं.

गप्प बसायला काहीतरी हाताला हवं, म्हणून मी खेळत होतो. सातवं राज्य. या वेळी गाडी रुळावर होती. माझ्या एकुलत्या एका शहरात ग्रंथालयं होती, नाट्यगृह होतं, भक्कम तट होता. लेक कॉटवर मांडी घालून बघत होती आणि मधूनमधून काहीबाही विचारत होती. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे का? मी म्हटलं, तिथे पाने-पक्कड आणि ग्रीसचे डबे आहेत. इथून तिच्या शाळेकडे सकाळी बस किती वाजता? मी म्हटलं, सात दहाला, पण उभं राहायलाही जागा नसते. मी झोपेत घोरतो का? हे मी साफ नाकारलं.

आठव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये उभा राहून मी नुसत्या आवाजावरून सांगतो की लिफ्टच्या दोराची एक तार तुटलीय. आणि हे प्रश्न माझ्या डोक्यावरून गेले.

तेवढ्यात पडद्यावर खलिता आला. शेजारच्या राज्यातलं सीमेवरचं एक गाव आपल्या राजाला कंटाळलं होतं. तुमच्या शहराची कीर्ती ऐकली, आम्हाला पदरात घ्या, असा अर्ज होता. खाली दोन बटणं: स्वीकार आणि नकार.

“घे ना,” लेक पुढे सरकून म्हणाली.

झालं. मी खुर्ची वळवली आणि अक्कल पाजळायला लागलो. म्हटलं, घेतलं की आव्हान संपलं. शिवाय दुसरं गाव आलं की त्याला धान्य द्या, त्याला पहारा द्या, त्याची नाराजी सांभाळा. आपलं एकाचं चोख चाललेलं असताना हा व्याप कुणी सांगितलाय? दया दाखवायला गेलेल्या राजांची राज्यं अशीच धुळीला मिळतात. एवढं बोलून मी ऐटीत नकार दाबला.

तिने वही बॅगेत टाकली, चार्जर गुंडाळला. घड्याळात साडेतीन वाजले होते.

“मी निघते,” ती म्हणाली. “आईला सांगते, मी तिच्याबरोबर येतेय म्हणून.”

आणि अशा वेळी मी काय केलं? मोठेपणाचा आव आणून म्हणालो, की तुझा निर्णय तू घ्यायचा, मी आड येणार नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटेल असा तो सूर होता. ती दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती. एक बूट झाला. तिने दुसरा हातात घेतला, तेव्हा माझा शब्दबिब्द सगळा गळून पडला.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो. “माझ्याकडे राहा. मला तू इथे हवी आहेस. तीन आठवडे मी हेच बोलायचं टाळतोय.”

तिने मान वर केली. “मग बोलला का नाहीस?”

“तुझ्या आईने सांगितलं होतं, विचारू नकोस. तू आपणहून सांगशील.”

तिचा बूट हातातच राहिला. “मला आई म्हणाली, बाबाला एकट्याने राहायची सवय झालीय, त्याच्या गळ्यात पडू नकोस. त्याने आपणहून विचारलं तरच राहा.”

लग्नाच्या चौदा वर्षांत मी त्या बाईचं एक ऐकलं नव्हतं. पोरगीही काही कमी नाही, स्वेटर घाल म्हटलं तर काढणारी. आणि दोघांनाही तिचं ऐकायची सुबुद्धी झाली ती नेमकी याच तीन आठवड्यांत. लेक आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग परत हसली.

“मग आता नीट विचार,” ती म्हणाली.

मी विचारलं. ती हो म्हणाली. मग मला आठवलं की कॉट एकच आहे.

तिच्या आईला फोन मीच लावला. लेकीने सांगितलं असतं, पण मला वाटलं, निदान एवढं तरी आपण करावं. खरं सांगायचं तर मनात थोडी विजयाची खुमखुमीही होती. चार वर्षं मी तिच्याशी बोलताना कोण जिंकलं याचाच हिशेब ठेवत आलोय. म्हटलं, पोरगी राहतेय माझ्याकडे.



तिची आई म्हणाली, “सकाळी तिला तीन हाका माराव्या लागतात. पहिल्या दोन ऐकूच येत नाहीत तिला. चिडू नकोस. तिसरी जरा जवळ जाऊन मार.”

“बरं,” मी म्हणालो.

“आणि परीक्षेच्या दिवशी ती काही खात नाही. दूध तरी दे.”

तिचा आवाज नीट निघत नव्हता. ती एक तारखेला त्या नव्या शहरात एकटी जाणार होती, आणि हे तीन आठवड्यांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. माझी खुमखुमी कुठल्या कुठे गेली. मी टेबलावरचा कागद ओढला आणि म्हणालो, “थांब, लिहून घेतो. अजून काय काय?”

ती सांगत गेली. कागदाची एक बाजू भरली, मी दुसरी घेतली.