तेराशे बारा आरोळ्या

मी हार्डडिस्क बोलतेय. दिसायला पत्त्यांच्या कॅटाएवढी काळी डबी, आणि पोटात गरगरणारी चकती. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. त्यातलं काही आठवत नाही. समज आली ती पुण्यातल्या दुकानात.

"नुसती बघायचीय की घ्यायचीय?" दुकानदाराने विचारलं.

"बघू दिलीत तर ठरवतो," गिऱ्हाईक म्हणालं.

ते गिऱ्हाईक म्हणजे कोथरूडचे गोपाळकृष्ण आगाशे. बँकेतून निवृत्त झालेले. नाद एकच, फेरीवाल्यांच्या आरोळ्या टिपण्याचा. खिशात रेकॉर्डर घालून ते स्वारगेटपासून येरवड्यापर्यंत हिंडत. कल्हईवाला ओरडला की हे त्याच्या मागे. भाजीवाल्या वैतागायच्या, "घेत काही नाहीत, नुसते ऐकतात!"

अकरा वर्षांत माझ्यात तेराशे बारा आवाज जमले. दर वर्षाचं एक फोल्डर. वर्षाअखेरीस रेकॉर्डर रिकामा केला की तो पुन्हा एकपासून आकडे घालायचा, म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये एक 'आवाज १' होता. पण ज्याचं घर वेगळं, त्याचं नाव तेच असलं म्हणून बिघडतं कुठे?

बिघडलं यंदा. एका संस्थेने हा संग्रह मागितला, सगळा एकाच फोल्डरमध्ये. आगाशे माउसने एकेक फाइल हलवायला बसले. दर वेळी पडद्यावर प्रश्न यायचा, या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? आगाशे चष्मा पुसून तो प्रश्न पूर्ण वाचायचे, फाइलला नवं नाव द्यायचे, मगच पुढे जायचे. दुपारभरात सतरा झाल्या.

त्यांची सून ऋचा आयटीतली. तिला ते बघवेना.

"बाबा, अशाने दिवाळी उजाडेल. उठा. कमांड लाइनवर एका ओळीचं काम आहे."

काळ्या खिडकीत तिने ओळ लिहिली. प्रत्येक फोल्डरमध्ये जा, असेल ते उचल, 'सर्व' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेव. एंटर. कमांडला प्रश्न विचारायची सवय नसते, आणि हुकूम मोडायची मला. एका 'आवाज १'वर दुसरा बसला, दुसऱ्यावर तिसरा. खालचे गेले. सगळं मिळून चार सेकंद.

"झालं!" ऋचा म्हणाली. मग सहज मोजून पाहिलं. "बाबा, किती होत्या?"

"तेराशे बारा."

"इथे दोनशे सहा दिसतायत."

आगाशेंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वेळ मात्र पुष्कळ वाचला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ऋचा त्या दिवशी जेवली नाही. रजा टाकून, फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम तिने दोन दिवस माझ्यावर चालवला. मीही पोट ढवळून दिलं. जवळजवळ सगळे आवाज परत आले. एक आला नाही, तुळजाबाईंचा. येरवड्याच्या तुळजाबाई केरसुण्या विकायच्या. आगाशेंनी टिपलेली ती पहिली आरोळी.

रविवारी सासरे-सून स्कूटरवरून येरवड्याला गेले. पुढचं सगळं मला ठाऊक आहे, कारण ऋचाने रेकॉर्डर दारातच सुरू केला होता.

"आजी, माझ्या हातून तुमचा आवाज गेला," ती म्हणाली.

"माझा आवाज माझ्यापाशी हाय की. तुझ्या हातनं कसा जाईल?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. चार पावलं. आणि अंगणातून तुळजाबाईंनी अशी काही हाळी दिली, "केरसुणीऽऽय!", की रेकॉर्डरमधला आवाजही फाटला. वरून कुठूनशी एक बाई ओरडली, "ओ मावशी, थांबा, आले!" जिन्यावर चपला वाजल्या.

"केरसुण्या कुठायत?" बाई धापा टाकत होती.

"इकायचं सोडून सात वर्सं झाली, बाई," तुळजाबाई म्हणाल्या. "पर तू खाली आलीस का न्हाई?"

पुढे मिनिटभर नुसतं हसू आहे. त्यात आगाशेंचंही आहे. तोवर मला वाटायचं, त्यांना हसताच येत नाही.

हल्ली मी टिकटिकते. जाणकारांना त्याचा अर्थ कळतो, डिस्कचे दिवस भरत आले. ऋचाने नवी डिस्क आणलीय. काल तिने सगळं तिकडे नेलं, पण हलवून नाही, नक्कल करून. ओळ लिहून झाल्यावर आधी सासऱ्यांना वाचायला दिली.

"मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले, "पण थांबलीस, बरं केलंस."

माझं काम संपलं. खुशाल भंगारात द्या मला. फक्त त्याआधी एकदा खिडकी उघडा, तुळजाबाईंची हाळी मोठ्याने लावा, आणि कोथरूडमध्ये कोण कोण खाली येतं ते मला सांगा.